संगणक-शंकासमाधान : दिसते ते आणि साठवलेले असते ते

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे वर्ड, एक्सेल आणि ब्राउझर या रोजच्या साधनांविषयी आहेत. एकच अडचण अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत मांडली असेल, तर ती येथे एकत्र घेतली आहे. कळांची नावे विंडोज असलेल्या संगणकाप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न : मी दरवर्षी सुमारे दोनशे पानांचा अहवाल वर्डमध्ये तयार करते. शीर्षके ठळक व मोठी करणे, अनुक्रमणिका टंकणे आणि प्रत्येक प्रकरण नव्या पानावर आणणे यांत फार वेळ जातो. शेवटच्या दिवशी एखादा परिच्छेद वाढला की पुढची सगळी पाने सरकतात आणि अनुक्रमणिका पहिल्यापासून तपासावी लागते. यावर उपाय आहे का?

उत्तर : उपाय आहे आणि तो वर्डमध्ये पहिल्यापासून आहे, फक्त तो वापरण्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागतो. आपण शीर्षक निवडून ते ठळक करता, अक्षरे मोठी करता, तेव्हा वाचकाला ते शीर्षक आहे हे कळते, पण वर्डला मात्र ती मोठ्या अक्षरांतली एक साधी ओळ एवढेच ठाऊक असते. तीच ओळ निवडून 'होम' पट्टीवरील 'स्टाइल्स'मधून 'हेडिंग १' निवडले, किंवा कंट्रोल-ऑल्ट-१ दाबले, की ती ओळ शीर्षक म्हणून नोंदवली जाते. उपशीर्षकांसाठी त्याच कळांसोबत २ आणि ३ हे आकडे वापरावेत. शीर्षकाचे रूप आवडले नाही, तर प्रत्येक शीर्षक वेगळे बदलू नये. स्टाइलच्या नावावर माउसची उजवी कळ दाबून 'मॉडिफाय'मध्ये एकदा बदल करावा, म्हणजे दोनशे पानांतील त्या पातळीची सर्व शीर्षके एका वेळी बदलतात.

एवढे झाल्यावर अनुक्रमणिका टंकण्याचे काम उरतच नाही. 'रेफरन्सेस' पट्टीवरील 'टेबल ऑफ कंटेंट्स' निवडले की वर्ड स्वतः शीर्षके व पृष्ठांक गोळा करून ती मांडतो. मजकूर वाढला किंवा कमी झाला तर अनुक्रमणिकेवर कर्सर ठेवून एफ ९ दाबावे. केवळ पृष्ठांक बदलायचे की शीर्षकांसह सगळी अनुक्रमणिका, हे वर्ड विचारतो. ती आपोआप बदलत नाही, एवढे लक्षात ठेवून छपाईपूर्वी हे काम न चुकता करावे.

नवे प्रकरण नव्या पानावर आणण्यासाठी एंटरची कळ वारंवार दाबण्याची सवय सर्वांत महागात पडते, कारण वर एक ओळ वाढली की त्या रिकाम्या परिच्छेदांचा सारा ढीग खाली सरकतो. त्याऐवजी कंट्रोल-एंटर दाबून पान तोडावे. त्याहून बरे म्हणजे 'हेडिंग १' या स्टाइलच्या परिच्छेद-मांडणीत 'पेज ब्रेक बिफोर' हा पर्याय निवडून ठेवावा, म्हणजे प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर सुरू होते.

आपला जुना अहवाल हाताने सजवलेला असेलच. तो दुरुस्त करताना एका शीर्षकावर कर्सर ठेवून 'होम' पट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या 'सिलेक्ट'मधून सारख्या रूपाचा सगळा मजकूर निवडण्याचा पर्याय घ्यावा आणि त्या सर्वांना एकदम 'हेडिंग १' द्यावे. आधीच्या सजावटीचे अवशेष राहिलेच, तर ते अक्षरांवरून कंट्रोल-स्पेसने आणि परिच्छेदांवरून कंट्रोल-क्यूने निघतात. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबले की रिकामे परिच्छेद व जादा जागा चिन्हांच्या रूपाने दिसू लागतात. दुसऱ्याने केलेली फाइल हाती आली की मी सर्वांत आधी या कळा दाबतो, कारण ती फाइल किती त्रास देणार आहे याचा अंदाज तेथेच येतो.

शीर्षके अशी नोंदवण्याचे आणखी दोन लाभ आहेत. 'व्ह्यू' पट्टीवरील 'नॅव्हिगेशन पेन' उघडल्यास डावीकडे शीर्षकांची यादी येते आणि त्यातील शीर्षक ओढून वरखाली नेले की त्याखालचा सगळा मजकूर त्याच्यासह हलतो. शिवाय पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांना शीर्षकावरून शीर्षकावर जाता येते, जे नुसत्या ठळक अक्षरांत शक्य नसते. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना हीच सोय एफ ११ या कळेवर आणि कंट्रोल-१, कंट्रोल-२ यांवर मिळेल.

प्रश्न : दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेले आकडे एक्सेलमध्ये आणले की बेरीज कधी शून्य येते, कधी चुकते. तारखांचे तर काही खरे नाही. काही उलट्या होतात, काही तशाच राहतात. लांब खाते क्रमांकांचे शेवटचे अंक शून्य होतात. आमच्या कार्यालयात फाइल जुन्या एक्सएलएस स्वरूपात जतन करण्याची पद्धत आहे, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर : तिन्ही तक्रारींचे मूळ एक आहे. एक्सेलच्या चौकटीत दिसणारी गोष्ट वेगळी आणि साठवलेली गोष्ट वेगळी असू शकते, आणि साठवताना तो मजकूर, संख्या की तारीख याचा निर्णय आपण केला नाही, तर एक्सेल करतो.

बेरजेपासून सुरुवात करू. चौकटीच्या मांडणीत काही बदल केलेला नसेल, तर संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो. आणलेले आकडे डावीकडे चिकटलेले दिसले, तर ते आकड्यांसारखे दिसणारे शब्द आहेत असे समजावे. 'सम' हे फंक्शन निवडलेल्या पट्ट्यातील असे शब्द मुकाट्याने सोडून देते आणि म्हणून बेरीज शून्य किंवा कमी येते. गंमत अशी की त्याच दोन चौकटी अधिक चिन्हाने जोडल्या तर उत्तर बरोबर येते, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो. चौकटीचे स्वरूप 'नंबर' असे बदलल्याने आत साठवलेले बदलत नाही. संपूर्ण स्तंभ निवडून 'डेटा' पट्टीवरील 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडावे आणि काहीही न बदलता 'फिनिश' दाबावे. बहुतेक वेळा तेवढ्याने शब्दांच्या संख्या होतात. तरीही न झाल्यास आकड्याच्या मागे किंवा पुढे वेब पानांवर वापरली जाणारी न तुटणारी मोकळी जागा असण्याची शक्यता आहे. 'ट्रिम' हे फंक्शन ती काढत नाही. ती जागा एका चौकटीतून नक्कल करून कंट्रोल-एचच्या शोधण्याच्या रकान्यात चिकटवावी, बदलण्याचा रकाना रिकामा ठेवावा आणि सर्व बदलावे.

तारखांचा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो दिसत नाही. एक्सेल तारीख ही संख्या म्हणून साठवतो. १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरला जातो आणि त्या मोजणीत १५ मार्च २०२३ म्हणजे ४५०००. आपल्या फाइलीत आधी दिवस व मग महिना असेल आणि संगणकाची मांडणी आधी महिना व मग दिवस अशी असेल, तर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलट वाचल्या जातात, म्हणजे ५ मार्चचा ३ मे होतो. तेरा व त्यापुढचा दिवस महिना होऊ शकत नसल्याने त्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतात. म्हणून एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे व काही डावीकडे दिसल्या, तर डावीकडच्या दुरुस्त करण्याच्या मागे न लागता सगळा स्तंभच पुन्हा आणावा. जी नीट दिसते तीच तारीख तेथे चुकलेली असते.

आणण्याची योग्य रीत अशी, की स्वल्पविरामांनी विभागलेली सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नये. रिकामी एक्सेल फाइल उघडून 'डेटा' पट्टीवरील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' या मार्गाने ती आत घ्यावी आणि 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबून कोणता स्तंभ मजकूर, कोणता तारीख हे स्वतः ठरवावे. तारीख कोणत्या प्रदेशाच्या पद्धतीने वाचायची हेही तेथे सांगता येते. खाते क्रमांकांचे स्तंभ आवर्जून मजकूर ठेवावेत, कारण एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक धरतो आणि सोळावा अंक शून्य करतो. तसेच सुरुवातीची शून्येही गाळतो. एकदा गेलेले अंक नंतर स्वरूप बदलून परत येत नाहीत. हाताने टंकताना क्रमांकापूर्वी एकेरी अवतरणचिन्ह दिले की तो मजकूर म्हणून राहतो.

एक्सेलच्या या परस्पर निर्णयांचा त्रास शास्त्रज्ञांनाही झाला आहे. काही मानवी जनुकांची नावे मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी नावांसारखी असल्याने एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. शेवटी २०२० साली नामकरण समितीने ती जनुकांची नावेच बदलली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही रूपांतरणे बंद करण्याची सोय दिली. ती 'फाइल', 'ऑप्शन्स', 'डेटा' या वाटेने सापडते.

जुन्या स्वरूपाचा वरील अडचणींशी संबंध नाही, पण ती पद्धत सोडून द्यावी असेच मी सुचवेन. एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात, तर २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्स स्वरूपात १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत जुन्या स्वरूपाच्या या मर्यादेमुळे कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून काही दिवस गळाली होती.

प्रश्न : दोन याद्यांतील मराठी नावे 'व्हीलुकअप'ने जुळवताना काही नावे सापडतच नाहीत. डोळ्यांना तर ती अक्षरशः सारखी दिसतात.

उत्तर : प्रथम फंक्शनचा शेवटचा भाग तपासावा. 'व्हीलुकअप'ला चौथा घटक दिला नाही, तर ते जवळपासची जुळणी चालवून घेते आणि क्रम न लावलेल्या यादीत चुकीचे उत्तरही देते. तेथे 'फॉल्स' किंवा शून्य लिहिणे आवश्यक आहे. एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असल्यास 'एक्सलुकअप' वापरावे, त्यात अचूक जुळणी हीच मूळ पद्धत आहे.

हे ठीक असूनही नाव सापडत नसेल, तर दोष टंकलेखनाच्या दोन पद्धतींत असण्याचा संभव आहे. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द पाहावेत. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरले आहे, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह आहे. छापल्यावर दोन्ही सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र पहिल्याची लांबी सात आणि दुसऱ्याची आठ आहे. 'ॲ' या अक्षराचेही तसेच आहे. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण यादीत त्याला २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले, त्यापूर्वी ते 'अ' वर चंद्र देऊन तयार केले जाई, आणि अनेक कळफलक अजूनही तसेच करतात. 'जाधव' कधी चुकणार नाहीत, पण 'चौधरी' हे नाव एका यादीत षष्ठीच्या प्रत्ययासह 'चौधऱ्यांचे' असे आले किंवा आडनावातच 'ऱ्य' असले, की जुळणी फसू शकते.

खात्री करण्यासाठी दोन्ही चौकटींवर 'लेन' हे फंक्शन चालवावे. लांबी वेगळी आली की कारण सापडले. नंतर 'सबस्टिट्यूट' फंक्शनने एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करून नवा स्तंभ बनवावा आणि जुळणी त्यावर करावी. दोन्ही रूपे यादीतूनच नक्कल करून घ्यावीत, म्हणजे अदृश्य चिन्ह हुकणार नाही. कोणते रूप निवडावे याविषयी मतभेद असतील, परंतु एका कार्यालयात एकच रूप असावे याविषयी नसावेत. शक्य असेल तेथे मी नावांवर जुळणीच करीत नाही. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक असावा आणि जुळणी त्या क्रमांकावर व्हावी.

प्रश्न : एकाच मसुद्यावर तिघांनी स्वतंत्रपणे दुरुस्त्या करून तीन फाइली पाठवल्या आहेत. कोणी काय बदलले हे वाचून शोधावे लागेल का?

उत्तर : नाही. वर्डच्या 'रिव्ह्यू' पट्टीवरील 'कंपेअर' निवडून मूळ फाइल व एक दुरुस्त फाइल दिल्यास फरक खुणांसह दाखवणारी तिसरी फाइल तयार होते. तेथलाच 'कंबाइन' हा पर्याय अनेकांच्या दुरुस्त्या एकत्र आणतो. पुढच्या वेळी मसुदा पाठवण्यापूर्वी कंट्रोल-शिफ्ट-ईने 'ट्रॅक चेंजेस' चालू करून पाठवावा.

प्रश्न : माझ्या ब्राउझरमध्ये नेहमी चाळीस-पन्नास टॅब उघडे असतात. संगणक मंदावतो, हवे ते पान सापडत नाही, पण बंद करण्याचे धाडस होत नाही.

उत्तर : धाडस न होण्याचे कारण दूर केले की बाकीचे सोपे आहे. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत उघडतो आणि त्याच कळा पुन्हा दाबल्यास त्याआधी बंद केलेले टॅब एकामागून एक परत येतात. शिवाय कंट्रोल-एचवर सगळा इतिहास असतो. म्हणजे बंद केलेले पान हरवत नाही.

टॅब हे काम चालू असलेल्या पानासाठी आहे. पुढे कधीतरी वाचायचे म्हणून ते उघडे ठेवणे ही संगणकाच्या स्मृतीवर आठवण लिहून ठेवण्याची खर्चीक पद्धत आहे. एका विषयाचे टॅब एका खिडकीत असतील, तर कंट्रोल-शिफ्ट-डीने ते सर्व एका फोल्डरात बुकमार्क करावेत, फोल्डराला विषयाचे नाव द्यावे आणि खिडकी बंद करावी. उघड्या टॅबांतून हवा तो शोधण्यासाठी क्रोम व एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून पानाच्या नावातील एखादा शब्द टंकावा. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-एलने पत्त्याच्या रकान्यात जाऊन आधी टक्केचिन्ह व मोकळी जागा देऊन शब्द टंकल्यास शोध उघड्या टॅबांपुरता होतो, तारांकन दिल्यास बुकमार्कांपुरता आणि कॅरेटचिन्ह दिल्यास इतिहासापुरता.

मंदपणाचे खापर टॅबांच्या संख्येवर फोडण्यापूर्वी क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबून ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर पाहावा. अनेकदा एखादे पान किंवा एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे सॉफ्टवेअर, एकटेच निम्मी स्मृती खात असते आणि तेवढे बंद केल्याने काम भागते. क्रोममधील 'मेमरी सेव्हर' व एजमधील 'स्लीपिंग टॅब्ज' चालू ठेवल्यास न वापरलेले टॅब स्मृतीतून उतरवले जातात. मात्र अर्धवट भरलेला अर्ज असलेल्या संकेतस्थळाला त्यातून वगळावे. एक्स्टेन्शनांविषयी मी कडक आहे. सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागणारे एक्स्टेन्शन रोज लागत नसेल, तर ते काढून टाकावे.

प्रश्न : एखादे संकेतस्थळ नीट चालत नसेल, तर ब्राउझरमधील सर्व काही पुसून टाकण्याचा सल्ला मिळतो. तसे केले की सगळीकडे पुन्हा लॉगिन करावे लागते. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : हा सल्ला सरसकट दिला जातो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. पान लवकर उघडावे म्हणून चित्रे व इतर फाइली संगणकावर ठेवल्या जातात, तो कॅशे; आपण कोण आहोत हे संकेतस्थळाला ओळखता यावे म्हणून ठेवलेली छोटी नोंद ती कुकी, जी १९९४ साली नेटस्केप ब्राउझरसाठी तयार झाली. कॅशे पुसल्याने लॉगिन जात नाही. कुकी पुसल्याने जाते.

म्हणून आधी कंट्रोल-एफ ५ दाबून पान कॅशे टाळून नव्याने मागवावे. फरक न पडल्यास तेच पान खासगी खिडकीत उघडावे. क्रोम व एजमध्ये ती कंट्रोल-शिफ्ट-एनने उघडते, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पीने. त्या खिडकीत जुन्या कुकी नसतात आणि एक्स्टेन्शने सहसा बंद असतात, त्यामुळे तेथे पान चालले तर दोष या दोघांपैकी एकाचा, आणि तेथेही चालले नाही तर बहुधा दोष संकेतस्थळाचा किंवा जोडणीचा. दोष कुकीचा ठरल्यास पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर टिचकी मारून केवळ त्या एका संकेतस्थळाची माहिती पुसावी. खासगी खिडकी आपल्या संगणकावर इतिहास ठेवत नाही एवढेच. कार्यालयाचे नेटवर्क सांभाळणाऱ्यांपासून ती काही लपवत नाही, हे अनेकांना माहीत नसते.

प्रश्न : एकामागून एक चार-पाच ठिकाणचा मजकूर उचलायचा असतो, पण नवीन नक्कल केली की आधीची जाते. शिवाय वेब पानाचे रंग व अक्षरे मजकुरासोबत येतात.

उत्तर : विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून विंडोज-व्ही या कळांवर क्लिपबोर्डचा इतिहास मिळतो, प्रथम तो चालू करावा लागतो. त्यात शेवटच्या पंचवीस नकला राहतात आणि पिन केलेल्या नकला संगणक पुन्हा सुरू केल्यावरही टिकतात. संकेतशब्दही तेथे उघड दिसू शकतात, त्यामुळे अनेकांनी वापरायच्या संगणकावर ही सोय बंदच ठेवावी. नुसता मजकूर चिकटवण्यासाठी ब्राउझरमध्ये व वर्ड-एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत कंट्रोल-शिफ्ट-व्ही चालते. वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत त्या कळांचे काम वेगळे आहे, म्हणून तेथे उजवी कळ दाबून 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडावे.

प्रश्न : कळांच्या शेकडो जोड्यांची यादी पाठ करणे खरोखर उपयोगी आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. यादी भिंतीवर लागते आणि हात माउसकडेच जातो. दिवसभरात आपण ज्या आज्ञा सर्वाधिक वेळा देतो, त्यांपैकी दोन-तीन निवडून त्या अंगवळणी पडेपर्यंत नव्या शिकू नयेत. एक्सेलमध्ये नोंदी करणाऱ्याला आजची तारीख घालणारे कंट्रोल-अर्धविराम आणि बेरीज घालणारे ऑल्ट-बरोबर चिन्ह पुरे होईल. लेखन करणाऱ्याला फाइल उघडताच शेवटच्या दुरुस्तीच्या जागी नेणारे शिफ्ट-एफ ५ अधिक मोलाचे वाटेल.

बाकीच्या आज्ञांसाठी पाठांतराची गरजच पडत नाही. वर्ड किंवा एक्सेलमध्ये ऑल्टची कळ एकदा दाबून सोडली की पट्टीवरील प्रत्येक आज्ञेजवळ तिचे अक्षर दिसू लागते आणि ती अक्षरे क्रमाने दाबत गेल्यास माउसविना तेथे पोहोचता येते. जी आज्ञा तरीही दूर वाटते, तिच्यावर उजवी कळ दाबून ती 'क्विक ॲक्सेस टूलबार'मध्ये घालावी; तेथील पहिली आज्ञा ऑल्ट-१ने, दुसरी ऑल्ट-२ने चालते, आणि हा क्रम आपल्या सोयीने 'ऑप्शन्स'मधून बदलता येतो.